पातेले घरी ठेवून समुद्रावर
(लेस्टरहून)



मॉरिशसमध्ये जन्मलेल्या माणसाला समुद्र दाखवावा लागत नाही. बसमध्ये बसले की तासाभरात कोणता ना कोणता किनारा येतोच. लेस्टरची गोष्ट अगदी उलट आहे. हे शहर इंग्लंडच्या पोटात वसलेले आहे. ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत दूरचे ठिकाण म्हणून ओळखले जाणारे कोटन-इन-द-एल्म्स हे खेडे लेस्टरपासून फार लांब नाही. तेथून समुद्र सुमारे ११३ किलोमीटर आहे. आपले अख्खे बेट लांबीला ६५ किलोमीटर! तेव्हा येथे समुद्रावर जायचे म्हणजे बेत आखावा लागतो, पैसे साठवावे लागतात आणि घरची व्यवस्था लावावी लागते.

१९६० आणि १९७० च्या दशकांत मॉरिशसमधून अनेक तरुणी परिचारिका होण्यासाठी इंग्लंडला आल्या. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांची आत्या, मावशी किंवा मावसबहीण या देशात आहे. त्यांना भेटायला लेस्टरला येणाऱ्या भगिनींना आणि येथे राहणाऱ्या लेकीसुनांनाही उपयोगी पडावे, म्हणून बायकांच्या सहलीचा हा बेत मांडत आहे.

कारखान्यांचा पंधरवडा

लेस्टर हे मोजे, बनियन आणि विणलेल्या कपड्यांच्या कारखान्यांचे शहर होते. जुलैच्या आरंभी दोन आठवडे हे कारखाने एकदम बंद होत. त्याला ‘लेस्टर फोर्टनाइट’ म्हणत. मग अर्धे शहर पूर्वेकडील स्केग्नेस आणि मेबलथॉर्प या किनाऱ्यांवर लोटे. लेस्टरच्या शाळांची उन्हाळी सुट्टी इंग्लंडमधील इतर शाळांच्या आधी लागते, ती या पंधरवड्याचीच आठवण.

पुढे पूर्व आफ्रिकेतून आणि भारतातून आलेल्या बायकाही या कारखान्यांत कामाला लागल्या. त्या मुकाट बसणाऱ्या नव्हत्या. १९७४ साली इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यात बोनस आणि बढतीतील भेदभावाविरुद्ध आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यात कितीतरी बायका होत्या. मालकापुढे उभे राहायला त्या कचरल्या नाहीत. पण घरी ‘दोन दिवस मी नाही, तुमचे तुम्ही पाहा’ असे सांगणे मात्र आजही अनेकींना जड जाते.

आपल्या बेटावर तरी वेगळे काय आहे? रविवारी फ्लिक-आँ-फ्लाकला सारे घर जाते. पहाटे उठून बिर्याणी कोण रांधते? सावलीत चटई पसरून ताटे कोण भरते? पुरुष पोहून येतात, मुले वाळूत लोळतात आणि आपण पातेल्याजवळ बसून राहतो. ही सहल वाईट नव्हे, तिच्यात आनंद आहेच. पण तिला बाईची विश्रांती म्हणता येत नाही. पातेले बरोबर आले की घरही बरोबर आले.

ब्रायटनच का?

स्केग्नेसला वाळू आहे, पण नॉटिंगहॅमला गाडी बदलून आगगाडीने जायला जवळजवळ तीन तास लागतात. दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन नकाशावर दूर दिसते, तरी वेळ साधारण तेवढाच लागतो. लेस्टरहून लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर सव्वा तासाच्या आत-बाहेर पोचता येते. त्याच स्थानकाच्या तळघरातील फलाटावरून ब्रायटनची थेट गाडी मिळते. लंडन पार करण्याचा त्रास नाही. तीन ते नऊ प्रौढ माणसांनी गर्दीची वेळ टाळून एकत्र प्रवास केला, तर बऱ्याच गाड्यांवर गटाच्या तिकिटात एक-तृतीयांश सूट मिळते. सहा जणींचा गट म्हणूनच सोयीचा पडतो.

शुक्रवार ते रविवार मात्र टाळावे. लग्नाआधी वधूच्या मैत्रिणी धमाल करायला येतात, असे हे शहर आहे. त्या दिवसांत खोल्या महाग होतात आणि रात्री गोंगाट असतो. ऑगस्टच्या आरंभी ‘प्राइड’चा मोठा उत्सव असतो, तेव्हा तर महिनोन् महिने आधी खोली धरावी लागते. सोमवार ते बुधवार, जून किंवा सप्टेंबर, हा काळ उत्तम.

पैशांची भिशी

महाराष्ट्रात बायका भिशी लावतात. दरमहा सगळ्या ठरावीक रक्कम देतात आणि एकेकीचा नंबर लागतो. येथे नंबर सहलीचा लावावा. सहा जणींनी दहा महिने दरमहा वीस पौंड टाकले, तर बाराशे पौंड जमतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोनशे. एकदम दोनशे पौंड मागताना जी संकोचते, तीही महिन्याला वीस बाजूला काढू शकते. प्रवास, खोली आणि दोन वेळचे जेवण या निधीतून करावे. खरेदी आणि वाइन ज्याचे त्याने पाहावे. मागाहून कुरबुर होत नाही.

पहिल्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. कोणाचे गुडघे दुखतात, कोण किती चालेल, हे लाजू नये. स्थानकापासून समुद्रापर्यंत उताराचा सरळ रस्ता आहे, वीस मिनिटांत पोचता येते. पण परतताना तोच चढ लागतो, तेव्हा बस धरावी. शिवाय सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरलेच पाहिजे असे नाही. दोघी-दोघींनी पांगावे आणि संध्याकाळी भेटावे.

तेथे काय पाहावे?

किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, हे आधीच सांगते. अनवाणी चालवत नाही. जाड तळाच्या चपला हव्यात. पाणी ऑगस्टमध्येही सतरा-अठरा अंशांच्या आसपास असते, आपल्याकडील हिवाळ्यातल्या समुद्रापेक्षाही गार. किनारा एकदम खोल होतो, म्हणून जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या निशाणांमध्येच उतरावे. न उतरताही मजा कमी नाही. १८९९ चा पॅलेस पिअर समुद्रात आत गेलेला आहे. १८८३ पासून धावणारी फोल्कची विजेची छोटी गाडी ही जगातील आजही चालू असलेली सर्वांत जुनी विजेची रेल्वे आहे; उन्हाळी हंगामात तिच्यात बसून किनारा पाहता येतो. ‘लेन्स’ या अरुंद गल्ल्यांत जवाहिऱ्यांची दुकाने आहेत. शाकाहारी जेवणासाठी ब्रायटनचे नाव आहे, त्यामुळे डबा बांधण्याचे कारणच उरत नाही. फारच वाटले तर लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून गाडीत खायला थेपले विकत घ्यावेत.

घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन पाहून परदेशात आहोत हे क्षणभर विसरायला होते. १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश याने त्याला हे भारतीय रूप दिले. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत, हा राजवाडा जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होता. धर्म आणि जातीप्रमाणे तेथे नऊ स्वयंपाकघरे चालत. ब्रायटनच्या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांना शहराबाहेरील टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. तिचे १९२१ साली अनावरण झाले आणि तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या तरुण वास्तुशिल्पीने केला होता. चालणे झेपत असेल त्यांनी एक सकाळ तेथे जरूर द्यावी. आपल्या माणसांपासून इतक्या दूर गेलेल्या त्या मुलांच्या आयांना ती टेकडी कधी दिसलीही नसेल.

आधी घर सोपवा

तिकीट काढण्यापूर्वीचे काम सर्वांत अवघड आहे. दोन दिवसांचे जेवण रांधून डबे भरून ठेवू नका. घरच्यांना आठ दिवस आधी सांगा की स्वयंपाक तुम्ही करायचा आहे. गॅस, औषधे, मुलांच्या वेळा एका कागदावर लिहून द्या. सासूबाई एकट्या राहणार असतील, तर त्यांनाच बरोबर चला म्हणा. कदाचित त्यांचीही ही पहिलीच अशी सहल असेल. आणि फोन आला की ‘जिरे कुठे आहे?’ या प्रश्नाला एवढेच उत्तर द्या: ‘शोधा, सापडेल.’

भात थोडा करपेल, पोळी वाकडी होईल. त्यात कोणाचे नुकसान होत नाही. उलट आपण वर्षभर काय करतो, ते घराला दोन दिवसांत कळते. ब्रायटन असो वा ग्राँ बे, भगिनींनो, यंदा भिशी लावा, तारीख ठरवा आणि पातेले घरी ठेवा.