गाडी उचलून नेली, तर?

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा स्कूटरवरून घरोघरी पाव पोचवतात. एकदा ते एका इमारतीतून खाली आले, तर स्कूटर पावांसकट नाहीशी! त्यांना चोरीच वाटली. शेजारच्या पानवाल्याने ‘वाहने उभी करू नयेत’ ही पाटी दाखवली. गाडी पोलिसांनी उचलून नेली होती.

मुलांनो, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२७ आहे. मनाई असलेल्या जागी सोडून गेलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमाने हलवता येते. ते ओढून नेण्याचा खर्च मालकानेच द्यायचा असतो. दंड त्याहून वेगळा. चाचांना दोन्ही मिळून रक्कम सांगितली, तेव्हा ते भांडूच लागले. ही त्यांची चूक होती.

दुसरी चूक याहून मोठी. पाव शिळे होतील या घाईत त्यांनी पैसे दिले आणि पावती न घेताच ते निघाले. ते पैसे सरकारजमा झाले की कुणाच्या खिशात गेले, हे आता कसे कळणार? पावती मागून घ्यावी. तिच्यावरचा गाडीचा नंबर, तारीख आणि रक्कम वाचावी. गाडीची कागदपत्रे व परवाना बरोबर न्यावा. गाडीवर नवा ओरखडा दिसला, तर तो तिथल्या तिथे दाखवावा.