टीव्हीच्या पोटात दडलंय काय?

बत्तीस इंची असो की पंचावन्न, भिंतीवरच्या चपट्या टीव्हीकडे बघून वाटतं, आत एकच काहीतरी सॉलिड किचकट यंत्र असणार. ते बिघडलं की खेळ खल्लास! प्रत्यक्षात मागचं झाकण काढलं की बरीचशी जागा रिकामीच दिसते. दोन-तीन सर्किट बोर्ड, थोड्या वायरी, चपट्या रिबन केबल... बस्स! यातला कोण काय करतो एवढं माहीत असलं, तरी खिशाला बसणारी मोठी चाट वाचू शकते. समजा, टीव्ही म्हणजे तुमचं ऑफिस.

अकाउंट्सवाला : पॉवर बोर्ड

घरातली २३० व्होल्टची एसी वीज टीव्हीला जशीच्या तशी चालत नाही. पॉवर बोर्ड आधी तिची डीसी करतो. या टप्प्यावर व्होल्टेज तीनशेच्या वर असतं. मग ते खाली आणून ज्याला जेवढं हवं तेवढंच वाटतो, कोणाला ५ व्होल्ट, कोणाला १२. पगारासारखंच! रिमोटने टीव्ही बंद केला तरी कोपऱ्यातला छोटा दिवा जळत राहतो, कारण रिमोटच्या हाकेला कान लावून बसायलाही थोडी वीज लागतेच. या बोर्डवर डबीसारखा एक मोठा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात जोरदार चार्ज उरलेला असू शकतो. म्हणून बॉस, व्हिडिओ बघून टीव्ही उघडायचा पराक्रम नको!

साहेब : मेन बोर्ड

एचडीएमआय, यूएसबी, अँटेना... सगळ्या खिडक्या याच्याकडे. प्रोसेसर आणि मेमरीही इथेच. आलेला सिग्नल उलगडायचा, पडद्याच्या मापात बसवायचा आणि आवाज वेगळा काढून स्पीकरकडे पाठवायचा, हे याचं काम. म्हणजे आवाजाचा प्रवास इथेच संपतो, चित्राला मात्र अजून पुढे जायचं असतं. 'आवाज येतोय, चित्र नाही' या तक्रारीचं गुपित हेच.

टीम लीडर : टी-कॉन

टी-कॉन म्हणजे टायमिंग कंट्रोलर. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. कोणता भाग किती उघडायचा याचे हुकूम टी-कॉन ओळीओळीने सोडतो. सेकंदाला साठ वेळा पडदा भरायचा, तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. आपल्या डेडलाइन्स त्यापुढे काहीच नाहीत! हल्ली बऱ्याच टीव्हींत हे दोन-तीन बोर्ड एकत्र करून एकच लावतात.

आणि गंमत म्हणजे, एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेडच नसतो. तो फक्त झडपा उघडतो-मिटतो. उजेड येतो मागच्या एलईडींच्या पट्ट्यांमधून. आपण ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतो, त्यातले बहुतेक असेच असतात. हे एलईडी दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक गेला की अख्खी माळ बंद पडू शकते, आणि गडबड दिसली की बाकीचा उजेडही टीव्ही स्वतःच बंद करतो. (ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.)

माझ्या टीव्हीचं नेमकं हेच झालं होतं. आवाज खणखणीत, पडदा काळाकुट्ट. घरी आलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, पॅनल गेलं. त्यापेक्षा नवीनच घ्या." पॅनल म्हणजे टीव्हीतला सगळ्यात महागडा भाग, त्यामुळे ऐकूनच माझं महिन्याचं बजेट कोलमडलं. तरी एकदा विचारून बघावं म्हणून टीव्ही लॅमिंग्टन रोडच्या एका काकांकडे नेला. त्यांनी टीव्ही चालू केला, दुकानातली ट्यूब बंद केली आणि टॉर्च तिरका धरला. अंधूक का होईना, आतली माणसं हलताना दिसली! "ताई, पॅनल ठणठणीत आहे. मागचे दिवे गेलेत." नव्या पट्ट्या टाकून साडेतीन हजारांत काम झालं. वर सल्ला फुकट : "ब्राइटनेस कायम शंभरवर ठेवू नका, दिवे तापून लवकर जातात."

लक्षणं ओळखा

छोटा दिवाही लागत नाही : आधी सॉकेट आणि वायर तपासा, मग संशय पॉवर बोर्डवर.

लोगोवर अडकतो, पुन्हा पुन्हा सुरू होतो : बहुधा मेन बोर्ड किंवा त्याचं सॉफ्टवेअर.

आवाज आहे, पण अर्धा पडदा गायब किंवा रंग विचित्र : टी-कॉन, त्याची रिबन किंवा पॅनल.

आवाज आहे, पडदा काळा : टॉर्च लावून बघा. चित्र दिसलं तर दोष मागच्या दिव्यांचा किंवा त्यांना वीज देणाऱ्या सर्किटचा.

पडद्याला तडा : इथे मात्र पॅनलच गेलं.

शेवटच्या केसमध्येही टीव्ही भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीही येतो, तेव्हा तो अधिकृत केंद्रातच द्या. आणि कोणी न तपासता 'पॅनल गेलं' म्हणालं, तर शांतपणे मोबाइलचा टॉर्च काढा!