बटेरांना औषध दिले? मग विक्रीची तारीख पुन्हा काढा

गडचिरोली जिल्ह्यात वनविभागाने गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ सुरू केली. तेथे औषधाचा अंश नसलेली मृत जनावरेच ठेवावी लागतात. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरते आणि ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. दिलेले औषध काही काळ शरीरात राहते आणि खाणाऱ्याच्या पोटात जाते, हे यातून लक्षात घ्या. तुम्ही विकलेले बटेर तर माणसेच खातात.

प्रतीक्षा काळ म्हणजे काय?

फवारणीनंतर वांगी लगेच तोडत नाही, तसेच हे आहे. औषधाच्या शेवटच्या मात्रेपासून मांस किंवा अंडी खाण्यायोग्य होईपर्यंतचे दिवस म्हणजे प्रतीक्षा काळ (विथड्रॉवल पिरियड). पक्षी बरा दिसला म्हणजे औषध निघून गेले, असे होत नाही. यकृत, मूत्रपिंड, चरबी आणि अंड्याच्या बलकात ते रेंगाळते. शिजवल्याने सगळा अंश नष्ट होईलच, याची खात्री नसते. असे अंश वारंवार पोटात गेल्यास काहींना ॲलर्जी होऊ शकते; शिवाय प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढतात.

नियम काय सांगतो?

खाद्य देणाऱ्या पशुपक्ष्यांच्या औषधावर प्रतीक्षा काळ छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे. तो तपासून ठरवलेला नसल्यास किमान काळ असा :

- अंडी : ७ दिवस
- पक्ष्यांचे मांस : २८ दिवस

बहुतेक औषधांवर कोंबडीचा उल्लेख असतो, बटेराचा नसतो. कोंबडीचे दिवस बटेराला परस्पर लावू नका. पशुवैद्यकांना विचारा आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरा. कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ पासून कुक्कुटपालनात पूर्ण बंद आहे. कोणी दिले तरी घेऊ नका.

बटेरात अडचण कुठे येते?

जपानी बटेर साधारण ५ आठवड्यांत विक्रीला येते. २८ दिवस म्हणजे त्यातले ४ आठवडे!

समजा, पिल्ले १ जूनला निघाली आणि औषधाची शेवटची मात्रा २१ जूनला दिली. २२ जून हा पहिला दिवस धरल्यास २८ दिवस १९ जुलैला भरतात. विक्री २० जुलैपासून. एरवी ही तुकडी ६ जुलैच्या सुमारास विकली असती. म्हणजे १४ दिवस जादा. पक्ष्यामागे रोज २५ ग्रॅम खाद्य धरले, तरी ५०० पक्ष्यांना १७५ किलो खाद्य जास्त लागते. हा खर्च पाहूनच पक्षी आठवडी बाजारात लवकर काढण्याचा मोह होतो. तो टाळा, आणि मुळात औषधाची वेळच कमी येईल असे पाहा.

काय करावे?

- गादीसाठी धानाचे कोरडे तूस वापरा. ओली गादी लगेच बदला. पावसाळ्यात रोज हात घालून पाहा.
- पिल्लांना पहिल्या आठवड्यात पुरेशी ऊब द्या. गर्दी करू नका. वेगवेगळ्या वयाचे पक्षी आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका.
- पक्षी मरू लागल्यास आधी निदान करून घ्या. विषाणूजन्य रोगावर प्रतिजैविक चालत नाही.
- खाद्याच्या पोत्यावरील मजकूर वाचा. त्यात औषध मिसळलेले असेल, तर तेही हिशोबात धरा.
- औषध संपल्यावर पाण्याची भांडी धुवा आणि गादी बदला. विष्ठेतून पडलेले औषध पक्षी पुन्हा टिपतात.
- उपचार केलेली तुकडी वेगळी ठेवा. त्या काळातील अंडी विकू नका आणि घरीही खाऊ नका.
- वहीत पाच गोष्टी लिहा : तुकडी, औषध, पहिली मात्रा, शेवटची मात्रा, विक्रीची तारीख.

पाळायचे ते जपानी बटेरच. रानातले लावे किंवा तित्तर पकडणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत पक्ष्यांसोबत ही वहीही पाहावी. शेवटच्या मात्रेची तारीख लिहिलेली नसेल, तर विक्रीची तारीखही ठरवता येत नाही.