प्रतिपिंडे, रक्ताधानजन्य
दुसऱ्या व्यक्तीच्या तांबड्या कोशिका शरीरात गेल्यावर त्यांच्या पृष्ठभागावरील परक्या प्रतिजनांविरुद्ध ग्राहीच्या रक्तात जी विशिष्ट प्रथिने तयार होतात, त्यांना रक्ताधानजन्य प्रतिपिंडे म्हणतात. ए व बी प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात निसर्गतःच असतात. ही मात्र रक्ताधानामुळे उद्‌भवतात. तशीच प्रतिपिंडे गर्भारपणातही निर्माण होऊ शकतात. चिरकारी वृक्कविकारात त्यांना विशेष महत्त्व आहे.

वृक्कात तयार होणारे एरिथ्रोपोएटीन हे हॉर्मोन अस्थिमज्जेस तांबड्या कोशिका निर्माण करण्यास उद्दीपित करते. वृक्के निकामी झाल्यावर ते अपुरे पडून रक्तक्षय होतो. अपोहनाने (डायालिसिसने) रक्तातील त्याज्य द्रव्ये निघून जातात, पण ही उणीव भरून येत नाही. कृत्रिम रीत्या बनविलेल्या या हॉर्मोनास १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तोपर्यंत वारंवार रक्त देणे हाच मुख्य उपाय होता. औषधाचा पुरवठा नियमित नसेल, तर आजही तीच पाळी येते.

रक्तपेढीत सामान्यतः एबीओ गट व आरएच गणातील डी प्रतिजन एवढेच जुळवितात. आरएच गणातील इतर प्रतिजन, तसेच केल, डफी, किड इ. गणांतील प्रतिजन जुळविलेले नसतात. भारतीय रोग्यांत आरएच गणातील ई व लघू सी यांविरुद्धची प्रतिपिंडे विशेष आढळतात. ही प्रतिपिंडे कोशिकांना चिकटतात, पण बहुधा त्यांच्या गुठळ्या करीत नाहीत. त्यामुळे ती ओळखण्यासाठी कूम्ब्झ, मूरंट व रेस यांनी १९४५ मध्ये वर्णिलेली चाचणी करावी लागते. तीत मानवी प्रतिपिंडांविरुद्धचा रक्तरस मिसळला की अशा कोशिका एकत्र चिकटतात.

अपोहनाच्या रोग्यांत एक निराळे प्रतिपिंडही आढळते. अपोहक पुन्हा वापरण्यापूर्वी फॉर्माल्डिहाइडाने निर्जंतुक केल्यास त्याच्या अवशेषाने रोग्याच्याच कोशिकांवरील एन प्रतिजन बदलतो व त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होते (१९७२). ते मुख्यतः थंड तापमानात क्रियाशील असल्याने रक्ताधानात सहसा अपाय करीत नाही.

खरा धोका किड गणाच्या प्रतिपिंडांसारख्या लपणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. काही महिन्यांत त्यांचे प्रमाण इतके घटते की, चाचणी निर्दोष येते. पुढे तोच प्रतिजन असलेले रक्त दिल्यास साधारणतः ३ ते १४ दिवसांत प्रतिपिंडे वेगाने वाढून दिलेल्या कोशिका नष्ट होतात. ताप व कावीळ होते. अपोहनावरील रोग्यास लघवी जवळजवळ होतच नसल्याने तिचा गडद रंग ही खूण मिळत नाही आणि हीमोग्लोबिनाची घट मूळ विकारावर ढकलली जाते.

म्हणून जुनी नोंद आजच्या चाचणीइतकीच मोलाची ठरते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. अशा कुटुंबातील रोग्यास पावसाळ्यात बीडला किंवा अंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९७४) रुग्णालयात, तर गळीत हंगामात कारखान्याजवळच्या गावी रक्त घ्यावे लागणे संभवनीय असते. पहिल्या पेढीस आढळलेले प्रतिपिंड दुसरीस दिसेलच असे नाही. प्रतिपिंडाचे नाव लिहिलेले कार्ड रोग्याजवळ असल्यास दुसरी पेढी तो प्रतिजन नसलेले रक्त निवडू शकते. पहिल्या रक्ताधानापूर्वीच रोग्याचे आरएच व केल प्रतिजन तपासून ठेवणे अधिक चांगले. नंतर दात्यांच्या कोशिका मिसळल्याने ही तपासणी अवघड होते.

रक्ताबरोबर येणाऱ्या पांढऱ्या कोशिकांमुळे ऊतक-प्रतिजनांविरुद्धही प्रतिपिंडे होतात व वृक्कारोपणासाठी जुळणारा दाता मिळणे कठीण होते. विशेष गाळणीने पांढऱ्या कोशिका काढल्यास हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.