कप्तानाची खुर्ची

कीर्तनकाराने पूर्वरंग उत्तम रंगवावा, श्रोत्यांनी मांडी घालून निवांत बसावे आणि उत्तररंगात बुवांनी भलतेच आख्यान लावावे, तसा काहीसा अनुभव ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचा अखेरचा भाग पाहून आम्हांस नुकताच आला.

१९८०च्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखविली, तेव्हा आमच्या आमलीत दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरी होते. शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून, पडद्यावरील मुंग्यांतून आम्ही ते अवकाशयान न्याहाळीत असू. संवाद निम्मेच कळत. पण यानावर जपानी वंशाचा सुकाणूधारी, रशियन तरुण आणि संदेशवहनाच्या जागी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री, अशी मंडळी गुण्यागोविंदाने काम करीत आहेत, एवढे ध्यानी येई. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले असता कुणी हे चित्र रंगविले, याचे मोल आम्हांस आजही वाटते.

सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झालेली ही मालिका ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी संपली. शेवटच्या भागाची कथा अशी : कप्तान कर्कची जुनी प्रेयसी, डॉक्टर जॅनिस लेस्टर, एका प्राचीन यंत्राच्या साहाय्याने त्याच्याशी देहाची अदलाबदल करते आणि त्याच्या रूपाने कप्तानाच्या खुर्चीत बसते. पुढे तिचा तोल सुटतो. ती आरडाओरडा करते, सहकाऱ्यांना देहदंड फर्मावते. अखेर यंत्राचा प्रभाव ओसरतो, कर्क आपल्या देहात परततो आणि ती कोसळते. तेविसाव्या शतकातही स्त्रीला यानाचे कप्तानपद मिळत नाही, हे तिचे गाऱ्हाणे प्रारंभीच येते. ते अन्यायाचे आहे, असे स्वतः कर्कही मान्य करतो. मग पाऊण तास कथा त्या अन्यायाकडे ढुंकूनही पाहत नाही!

आम्हांस खटकले ते हे. तिसऱ्या वर्षी पैसा आटला होता, शुक्रवारी रात्री दहाची पडकी वेळ मिळाली होती, हे सारे खरे. आयसेनहॉवर यांच्या निधनामुळे मार्चअखेरचा हा भाग जूनपर्यंत लांबला, हेही खरे. परंतु पैशाअभावी पडदे फाटके दिसतात. विचार फाटका दिसण्याचे कारण निराळे असते. मूळ कथा मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचीच. याच गृहस्थांनी १९६४ साली पहिला नमुनाभाग रचला, तेव्हा यानावरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारपद एका स्त्रीला दिले होते. तो भाग वाहिनीने नाकारला आणि दुसऱ्या खेपेस ते पात्र गळाले. शेवटच्या भागात तर उहुराही नाही.

नववीच्या वर्गात विज्ञानकथेविषयी बोलताना आम्ही ही हकीकत सांगितली. आमच्या मुली आसपासच्या पाड्यांवरून येतात. कित्येकींच्या घरी वारली बोलतात. त्यांतील एकीने विचारले, “सर, ती बाई वेडी होती म्हणून तिला काढलं, ते ठीक. पण एखाद्या शहाण्या बाईला ती खुर्ची मिळाली असती का?” समीक्षकांनी या भागावर पुष्कळ लिहिले आहे, इतक्या नेमक्या ठिकाणी बोट ठेवलेले आमच्या तरी वाचनात नाही. कथेच्याच नियमाने उत्तर ‘नाही’ असे येते, आणि आम्ही तसेच सांगितले.

मग फळ्यावर नावे लिहिली. व्हॅलेन्तिना तेरेश्कोवा, १९६३ : म्हणजे मालिका सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी एक स्त्री एकटी पृथ्वीप्रदक्षिणा करून आली होती. कल्पना चावला, १९९७, कोलंबिया यान. आयलीन कॉलिन्स, जुलै १९९९ : त्याच कोलंबियाच्या कप्तान. ज्या गोष्टीला मालिकेने तेविसाव्या शतकातही मज्जाव केला, ती घडायला तीस वर्षे लागली. शेवटी कॅथरिन जेनवे, १९९५ : याच कुळातील ‘व्हॉयेजर’ मालिकेची कप्तान.

जेनवेच्या नावापुढे कंसात ‘काल्पनिक’ असे लिहावे, ही सूचना त्याच मुलीची.