पिलांची रात्र सांभाळा

एक दिवसाची शंभर पिले घरी आणली की दिवसा घरातले सगळेच त्यांच्याभोवती असतात. पोरे टोपल्यापासून हलत नाहीत, म्हातारी ताटलीत मक्याचा भरडा टाकते, पाणी बदलले जाते. नुकसान होते ते रात्री. दर्यापूर-मूर्तिजापूरकडे हिंडताना हिवाळ्यात हमखास एक तक्रार कानी येते: "सायेब, संध्याकाळी सारी चांगली होती, सकायी उचलून पाह्यलं तं खालची चपटी होऊन मेलेली!" कोणी म्हणते रोग आला, कोणी म्हणते नजर लागली. बहुतेक वेळा रोगही नसतो आणि नजरही नसते. पिलांना थंडी वाजली, ती एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली, एवढेच घडलेले असते.

खुडूक कोंबडी काय करते ते पाहा. दहा-बारा पिलांना ती थोडा वेळ खाऊ घालते आणि मग पंखाखाली घेते. तिथे ऊब असते आणि अंधारही असतो. ऊब मिळाली की पिलू निजते, अंधारात आणखी गाढ निजते. विकत आणलेल्या पिलांना आई नसते. तिची ऊब आणि तिचा अंधार या दोन्ही गोष्टी आपण द्यायच्या असतात. आपण ऊब देतो, पण अंधार द्यायला विसरतो.

आधी उबेचे पाहू. अंगावर मऊ लव असली तरी पहिले दहा-बारा दिवस पिलाला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. खरी पिसे यायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइट कमी करत जावे. थर्मामीटर भिंतीला टांगून उपयोग नाही. तो उबेच्या कडेला, तुसापासून दोन इंचांवर धरावा.

पिलामागे साधारण २ वॅट हा बल्बचा जुना हिशेब आहे. शंभर पिलांना १०० वॅटचे दोन बल्ब लावावेत. एकच मोठा बल्ब लावू नये, कारण तो रात्री दोनला उडाला तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही. आणि हे नीट ध्यानात घ्या: तारेचा जुना पिवळा बल्बच ऊब देतो. आता घरोघरी आलेले एलईडी दिवे उजेड भरपूर देतात, पण त्यांच्या खाली पिले गारठतात. "दिवा तर रातभर चालू होता," असे सांगणाऱ्या घरी वर पाहिले की पुष्कळदा पांढरा एलईडी लटकलेला दिसतो.

भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कडे करावे. कडे गोलच हवे, कारण कोपरा मिळाला की पिले तिथेच ढीग करतात. खाली भुईमुगाच्या टरफलांचा किंवा भाताच्या तुसाचा दोन इंच थर द्यावा. कोठ्याचा कुड पऱ्हाट्या-तुराट्यांचा असेल तर खालचा दोन फूट भाग रात्रीपुरता बारदानाने झाका. गार वारा जमिनीलगत शिरतो आणि पिलू तर जमिनीवरच असते. वरचा भाग मात्र उघडा ठेवा, कोंदट हवा जायला वाट पाहिजे.

एवढे केल्यावर थर्मामीटरपेक्षा पिलेच जास्त सांगतात. सारी दिव्याखाली गच्च गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर ऊब कमी आहे. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे, बल्ब वर घ्या. एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सर्वत्र सारखी पसरून, बारीक समाधानाचा आवाज करत पडली असतील तर तुम्हीही जाऊन निजा. पहिल्यांदा पिले पाळणाऱ्याला या वेळी एक धक्का बसतो. पिलू मान टाकून, पंख पसरून आडवे पडलेले दिसते आणि मेले असे वाटते. ते गाढ झोपलेले असते. त्याला हलवून उठवू नका.

वऱ्हाडची हवा मोठी फसवी आहे. अकोल्याच्या डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगरखा काढावासा वाटतो आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांवर, कधी त्याहून खाली येतो. चिखलदऱ्याकडे तर विचारूच नका. संध्याकाळी आठला पाहून केलेली व्यवस्था पहाटे चारला पुरत नाही, आणि नेमके त्याच वेळी घर गाढ झोपेत असते. पहिला आठवडाभर पहाटे एकदा उठून पाहावे, दुसरा इलाज नाही.

आता अंधाराचे. पहिले दोन-तीन दिवस पिलांना खाणे-पिणे सापडावे म्हणून जवळजवळ अखंड उजेड देतात. तरी त्यातही रोज एक तास अंधार करावा. अंधाराची सवय नसलेली पिले वीज गेली की घाबरून एकमेकांवर कोसळतात, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. पहिल्या आठवड्यानंतर अंधार चार ते सहा तासांपर्यंत वाढवावा. ऊब मात्र बंद करायची नाही. बल्बला लाल रंगाचा मिळाला तर तो लावावा, लाल मंद उजेडात पिले शांत राहतात आणि एकमेकांना टोचतही कमी. उजेड कमी करण्याआधी सारी पिले उबेजवळ आली आहेत ना, ते पाहा. नाहीतर जे जिथे आहे ते तिथेच अंधारात अडकते आणि गारठते.

निजायच्या आधी पाच-सहा पिलांची गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपून पाहावी. भरलेली आणि मऊ लागली तर पिलू खाऊन-पिऊन आहे. कडक लागली तर पाणी कमी पडले, रिकामी लागली तर खाद्य सापडलेच नाही. उपाशी पिलू झोपत नाही, रातभर ओरडून बाकीच्यांनाही झोपू देत नाही.

वीज गेली की बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवण्याची रीत पुष्कळ घरी आहे. ती सोडा. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. पिले तर मरतातच, आणि थंडीमुळे पिलांचे कडे माजघरात आणले असेल तर शेजारी निजलेल्या लेकरांच्याही जिवावर बेतते. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यांत गरम पाणी भरावे, ते तरटात गुंडाळून कड्यात ठेवावे आणि वरून कड्याचा अर्धा भाग पोत्याने झाकावा. दोन-अडीच तासांनी पाणी बदलावे लागते. त्रास आहे, पण धोका नाही.

उंदीर, मांजर आणि मुंगूस यांच्यासाठी बारीक जाळी पाहिजेच, त्यावर जास्त सांगत नाही. पाण्याचे भांडे दोन पातळ विटांवर ठेवा, तूस ओले होणार नाही. ओल्या तुसातून डोळे चुरचुरणारा वायू सुटतो आणि रक्ती हगवणही तिथेच वाढते. राणीखेतची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावी, आणि ती शक्यतो संध्याकाळी गारव्यात द्यावी.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिसे भरली की कड्याची गरज राहत नाही. गिरिराज, वनराज किंवा गावठी पिले असतील तर जमिनीपासून वीतभर उंच एक गोल काठी आडवी बांधून द्या. पहिल्या रात्री दोन-चार चढतील, बाकीची खाली बसून बघतील. आठवडाभरात बहुतेक सगळी वर जाऊन बसतात.