क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, पण किडनीचे काय?

घरातल्या ज्येष्ठांची रक्ततपासणी झाली, की किडनीसाठी रिपोर्टमध्ये बहुतेक जण एकच आकडा शोधतात, तो म्हणजे क्रिएटिनिन. तो मर्यादेत दिसला, की सगळे निर्धास्त होतात. पण सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या, वजन घटलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा दिलासा फसवा ठरू शकतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळण्याचे काम मंदावले, की तो रक्तात साठू लागतो. मात्र उतारवयात स्नायू झिजतात, आहारही कमी होतो. त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. घरात केरच कमी पडत असेल, तर झाडू झिजल्याचे लवकर लक्षात येत नाही, तसाच हा प्रकार.

म्हणून डॉक्टर ‘ईजीएफआर’ पाहतात. किडनीतील सूक्ष्म गाळण्यांमधून मिनिटाला किती मिलिलीटर द्रव गाळला जातो, याचा हा अंदाज. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढतात. २०२१ मध्ये सुधारलेल्या ‘सीकेडी-ईपीआय’ सूत्रानुसार, क्रिएटिनिन १.१ असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ९३ येतो. तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ८० वर्षांच्या महिलेचा मात्र सुमारे ५१. हा आकडा सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा दीर्घकालीन विकार मानला जातो.

तरीही एक अडचण उरतेच. सूत्राला वय कळते, पण व्यक्तीचे दंड आणि पोटऱ्या किती वाळल्या आहेत, हे कळत नाही. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचा ईजीएफआर त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो.

अशा वेळी ‘सिस्टॅटिन सी’ ही रक्ताची तपासणी उपयोगी पडते. हे छोटे प्रथिन शरीरातील जवळपास सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे त्याचे प्रमाण स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. अर्थात, तेही निर्दोष नाही. थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड औषधे, लठ्ठपणा, धूम्रपान आणि शरीरातील दाह यांमुळे त्याची पातळी बदलते. म्हणूनच क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी या दोन्हींवरून एकत्रित काढलेला अंदाज सहसा अधिक भरवशाचा ठरतो. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

हा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही, तो औषधांच्या मात्रेचा आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर बंद करावे लागते. हृदयविकारातील डिगॉक्सिन, नसांच्या वेदनेवरील गॅबापेन्टिन यांची मात्राही किडनीच्या क्षमतेनुसार कमी करावी लागते. किडनी प्रत्यक्षापेक्षा सक्षम समजली गेली, तर औषध शरीरात साठत जाते. मग गुंगी, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात आणि ती ‘वयामुळे होतेय’ म्हणून सोडून दिली जातात.

वयानुसार ईजीएफआर थोडा घसरतोच, त्यामुळे एका रिपोर्टवरून घाबरून जाऊ नये. जुने रिपोर्ट जपून ठेवावेत आणि आकडा किती वेगाने बदलतो आहे, ते डॉक्टरांना दाखवावे. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणीही करून घ्यावी. गाळणीला झालेली इजा त्यातून लवकर कळते. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या किडनीला अपाय करू शकतात, म्हणून त्यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. वजन बरेच घटले असेल, चालणे-फिरणे थांबले असेल किंवा पाय कापावा लागला असेल, तर ‘सिस्टॅटिन सी करून पाहायचे का?’ असे जरूर विचारावे. औषधे मात्र स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नयेत.